बंदीच्या महिन्यातली उधारी आणि साठीनंतरचा घरखर्च

हर्णै बंदरावर नौकांची इंजिने दुरुस्त करणाऱ्या एका वाचकांचे पत्र आले आहे. नाव न छापण्याची त्यांची विनंती आहे. पत्राचा मुख्य भाग असा:

"माझे वय ४२ आहे. गेली १९ वर्षे मी बंदरावर डिझेल इंजिनांची दुरुस्ती करतो. सुटे भाग आणि मदतनिसाची मजुरी वजा जाता वर्षाला साडेपाच लाख रुपयांच्या आसपास सुटतात, पण ते एकसारखे येत नाहीत. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत काम सर्वांत जास्त असते आणि हातात पैसा सर्वांत कमी, कारण नाखवा मंडळी, म्हणजे नौकामालक, नारळी पौर्णिमेनंतर मासळी लागली की पैसे देतात. आजमितीस माझी १ लाख ८० हजारांची उधारी बाहेर आहे. पत्नी ३८ वर्षांची असून घरी मसाला करून विकते. मुलगी अकरावीत आणि मुलगा सातवीत आहे. एका पतसंस्थेत साडेतीन लाखांची ठेव आहे. वडिलोपार्जित बागेत हापूसची २२ कलमे आहेत. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात शेडचे पत्रे गेले, तेव्हा पोस्टातली आरडी मोडली, ती पुन्हा सुरू झालीच नाही. माझा मेहुणा लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात आहे. त्याचा पीएफ दरमहा आपोआप कापला जातो. माझा कोण कापणार? दरमहा ठरावीक रक्कम भरणे मला जमत नाही. एक विमा प्रतिनिधी सांगतो की दहा वर्षे पन्नास-पन्नास हजार भरा, विसाव्या वर्षी हमखास दहा लाख मिळतील. गेल्या वर्षापासून कंबर धरते. साठीनंतर गिअरबॉक्स उचलणे मला जमणार नाही. मी काय करावे?"

स. न. वि. वि.

तुमच्या पत्रातील "माझा कोण कापणार?" हे तीन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. रत्नागिरी जिल्ह्यात लहान व्यावसायिकांचे हिशेब लिहिण्यात माझी बत्तीस वर्षे गेली. शिंपी, गवंडी, रिक्षावाले, खानावळ चालवणाऱ्या बायका, या सर्वांचा प्रश्न शेवटी याच तीन शब्दांत येऊन थांबतो. म्हणून आधी त्याचेच उत्तर देते आणि मग बाकीच्या गोष्टींकडे वळते.

मेहुण्यांच्या पगारपत्रकात मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बारा टक्के रक्कम त्यांच्या नावे कापली जाते आणि तेवढीच रक्कम कारखान्याचा मालक घालतो. मालकाच्या हिश्श्यातून काही भाग पेन्शन योजनेकडे वळतो आणि उरलेला भविष्यनिर्वाह निधीत जमा होतो. म्हणजे त्यांच्या म्हातारपणासाठी त्या पगाराच्या चोवीस टक्के रक्कम दरमहा बाजूला पडते, आणि ती त्यांच्या हातात येण्याआधीच बाजूला पडते. तुमच्या धंद्यात मालक तुम्ही आणि कामगारही तुम्हीच. कामगाराचा वाटा भरायचा की नाही, असा विचार तुम्ही अधूनमधून करत आलात, पण मालकाचा वाटा तर तुमच्या हिशेबात कधी आलाच नाही. तो हिशेबात आणायचा असेल, तर तुम्ही नाखव्याला जी मजुरी सांगता, तिच्यात तुमच्या साठीनंतरच्या दिवसांचाही भाग असायला हवा. तुमचे दर शेवटचे कधी वाढले, हे पत्रात नाही. ते तपासून पाहावेत, एवढेच येथे सुचवते.

आता "दरमहा जमत नाही" याविषयी. ते तुम्हाला जमणार नाही आणि जमवण्याचा आग्रहही धरू नये. महिना हे पगारदाराचे माप आहे. ज्याची मिळकत बंदी, पौर्णिमा आणि वाऱ्यावर चालते, त्याचे माप पावती हे असले पाहिजे. म्हणून माझे सांगणे असे, की ज्या दिवशी ज्या कामाचे पैसे हातात पडतील, त्याच दिवशी त्या पैशांतील मजुरीच्या वीस टक्के रक्कम वेगळ्या खात्यात जावी. येथे मजुरी हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. लाइनर, पिस्टन, इंजेक्टर यांचे पैसे तुमचे नाहीत, ते दुकानदाराचे आहेत आणि तुमच्या हातातून केवळ पुढे जातात. एखाद्या कामाचे १८ हजार आले आणि त्यांतील ११ हजार सुट्या भागांचे असले, तर तुमची मजुरी ७ हजार. मदतनिसाचे हजार रुपये देऊन उरले ६ हजार, त्यांतील १,२०० रुपये बाजूला. ज्या आठवड्यात काहीच आले नाही, त्या आठवड्यात काहीच भरायचे नाही आणि त्याबद्दल मनाला लावूनही घ्यायचे नाही. वर्षाअखेर साडेपाच लाखांवर १ लाख १० हजार रुपये जमलेले दिसतील.

हे वेगळे खाते शेडमध्ये लावलेल्या क्यूआर कोडशी जोडलेले नसावे, त्याचे एटीएम कार्ड खिशात नसावे आणि शक्य असेल तर ते दुसऱ्या बँकेत किंवा पोस्टात असावे. रोखीने मिळालेल्या पैशांसाठी घरात एक डबा ठेवावा आणि आठवड्यातून एकदा तो खात्यात रिकामा करावा. हे काम तुमच्या पत्नीकडे सोपवावे, असे मला मनापासून वाटते. मसाल्याचा धंदा करणाऱ्या बाईला मिरचीचा पैसा आणि नफ्याचा पैसा वेगळा ठेवण्याची सवय असते, आणि ज्या म्हातारपणासाठी हे चालले आहे ते दोघांचे आहे.

तथापि तुमच्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली ओळ पीएफची नव्हे, उधारीची आहे. १ लाख ८० हजार रुपये तुम्ही बिनव्याजी लोकांकडे ठेवले आहेत. ही रक्कम आज वसूल होऊन सध्याच्या ७.१ टक्के व्याजदराने सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीच्या (पीपीएफ, त्याविषयी पुढे) खात्यात पडून राहिली, तर तुम्ही साठीला पोहोचाल तेव्हा तिचे ६ लाख १९ हजार रुपये होतील. उधारी मात्र अठरा वर्षांनी १ लाख ८० हजारच राहील, किंबहुना तेवढीही राहणार नाही, कारण नौका विकल्या जातात, भागीदार वेगळे होतात, माणसे जातात. माझे वडील राजापूर तालुक्यातील एका गावात शिवणकाम करत. वयाच्या ६६ व्या वर्षापर्यंत ते मशीनवर बसले, डोळ्यांनी साथ सोडली तेव्हाच उठले. ते गेल्यानंतर त्यांच्या कपाटात उधारीच्या अकरा वह्या सापडल्या. त्या वह्यांतील निम्म्याहून अधिक माणसे वडिलांच्या आधी वारली होती. मी त्या वह्यांची बेरीज केली होती, आणि ती रक्कम वडिलांच्या शेवटच्या तीन वर्षांच्या औषधांना पुरून उरली असती. कोणी त्यांना फसवले असे मी म्हणणार नाही. त्यांनी मागितले नाही आणि लोकांनी दिले नाही, एवढेच घडले.

बंदराचा व्यवहार उधारीशिवाय चालत नाही, हे मला ठाऊक आहे. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत नौका समुद्रात जात नाहीत, नाखव्याच्या घरी पैसा येत नाही आणि आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला गेलेल्या नौकांचे इंजिन उघडायला मात्र हीच वेळ मिळते. तेव्हा उधारी बंद करा, असा कोरडा सल्ला मी देणार नाही. तिची रीत बदलता येईल. सुट्या भागांचे पैसे काम हाती घेण्यापूर्वी रोख घ्यावेत आणि उधार राहील ती केवळ मजुरी. काम पूर्ण झाल्यावर तारीख, नौकेचा नोंदणी क्रमांक, रक्कम आणि नाखव्याची सही असलेली साधी पावती करावी, तिची एक प्रत त्याला द्यावी. मजुरी एकदम न मागता नारळी पौर्णिमेनंतर दर खेपेमागे ठरावीक रक्कम घेण्याचे आधीच ठरवून घ्यावे. मासळीचा लिलाव रोज होतो, त्यामुळे लहान हप्ता देणे नाखव्यालाही सोपे जाते. ज्याची मागील हंगामाची बाकी दिवाळीपर्यंत फिटली नाही, त्याचे नवे काम बाकी चुकती झाल्यावरच घ्यावे. यात एखाद-दुसरे गिऱ्हाईक तुटेल. ते तुटले तरी चालेल, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पैसे न देणाऱ्या गिऱ्हाइकाचे गिअरबॉक्स उचलून तुमची कंबर झिजते आहे.

आता किती रक्कम लागेल, याचा अंदाज पाहू. घर स्वतःचे आहे असे मी धरते. मुलांचा खर्च वगळून दोघांच्या जेवणखाण, वीज, औषधे, सणवार आणि येण्याजाण्याला आज महिना १५ हजार रुपये लागत असतील, तर दरवर्षी ६ टक्के महागाई धरून अठरा वर्षांनी त्याच संसाराला महिना सुमारे ४२ हजार ८०० रुपये लागतील. म्हणजे वर्षाला सव्वापाच लाखांच्या आतबाहेर. हा आकडा पाहून घाबरू नये. तुम्ही १ लाख १० हजारांपासून सुरुवात केली, महागाईबरोबर मजुरी वाढत गेली आणि त्या प्रमाणात ही रक्कमही दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढली, सरासरी परतावा ८ टक्के मिळाला, तर साठीला सुमारे ६२ ते ६३ लाख रुपये जमतील. उधारीची वसुली आणि पतसंस्थेतील ठेवीपैकी दोन लाख रुपये यांत मिळवले, तर ही पुंजी ७५ लाखांच्या घरात जाते. एवढ्या पैशांत वाढत्या महागाईसह साधारण सोळा वर्षे घर चालेल, म्हणजे तुमच्या वयाच्या ७६ व्या वर्षापर्यंत. साठ ते पासष्ट या वर्षांत अंगमेहनत सोडून हलके काम केले आणि निम्मा खर्च त्यातून निघाला, तर आणखी तीन वर्षे पुढे जाता येते. एवढे पुरेसे नाही, कारण तुमच्या पत्नी तुमच्याहून चार वर्षांनी लहान आहेत. मुलीचे शिक्षण संपले की वीस टक्क्यांचे पंचवीस टक्के करावे लागतील, हे आताच मनाशी धरून ठेवावे. हे सर्व अंदाज आहेत, व्याज आणि महागाई दोन्ही बदलतात, म्हणून दर तीन वर्षांनी हा हिशेब नव्याने मांडावा.

पैसे ठेवायचे कुठे, याचे माझे पहिले उत्तर सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी, म्हणजे पीपीएफ, हे आहे. नोकरी नसलेल्या माणसालाही पगारदारासारखा निधी उभारता यावा, यासाठी १९६८ पासून ही योजना चालू आहे. वर्षाला किमान ५०० आणि कमाल १ लाख ५० हजार रुपये भरता येतात. दरमहा भरण्याची सक्ती नाही, हे तुमच्यासाठी मोलाचे. ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये जे येईल ते तेव्हा भरावे, पावसाळ्यात न भरले तरी खाते चालू राहते. एक बारकावा मात्र लक्षात ठेवावा. व्याज महिन्याच्या ५ तारखेनंतर खात्यात असलेल्या सर्वांत कमी शिलकेवर मोजले जाते, म्हणून भरणा ५ तारखेच्या आत झाला तर त्या महिन्याचे व्याज पदरात पडते, ६ तारखेला केला तर जाते. एप्रिल २०२० पासून दर ७.१ टक्के आहे. सरकार दर तिमाहीला त्याचा फेरविचार करते. मुदत १५ वर्षांची असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येते, त्यामुळे आज उघडलेले खाते तुमच्या साठीच्या आसपास पूर्ण होते आणि हवे तर त्याही पुढे नेता येते. सातव्या वर्षापासून काही रक्कम काढण्याची सोय आहे, ती मुलांच्या शिक्षणाला मोह पाडेल, तेव्हा सांभाळावे. स्वतःचा धंदा करणाऱ्याने या खात्याचे आणखी एक वैशिष्ट्य जाणून घ्यावे: धंद्यातील कर्जाच्या वसुलीसाठी न्यायालयाच्या हुकमानेही या खात्यातील शिल्लक जप्त करता येत नाही. उद्या शेडसाठी कर्ज काढले आणि हंगाम बुडाला, तरी ही पुंजी शाबूत राहील.

तुमच्या वीस टक्क्यांपैकी साधारण साठ टक्के भाग येथे जावा, म्हणजे वर्षाला ६६ हजारांच्या आसपास. सर्वच्या सर्व का नको, तर ७.१ टक्के व्याज आणि ६ टक्के महागाई यांत उरतो तो फरक फारच थोडा आहे. उरलेले ४४ हजार निफ्टी ५० सारख्या शेअर बाजाराच्या निर्देशांकावर चालणाऱ्या म्युच्युअल फंडात, म्हणजे इंडेक्स फंडात जावेत. येथे हमी नाही आणि ती असल्याचे कोणी सांगितले तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर पोहोचलेला सेन्सेक्स त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नऊ हजारांच्या खाली गेला होता, आणि २०२० मध्ये जानेवारीतील ४२ हजारांवरून मार्चमध्ये २६ हजारांपर्यंत उतरला होता. दोन्ही वेळा तो सावरला, पण ज्यांना मधल्या काळात पैशांची गरज पडली त्यांचे नुकसान झाले ते झालेच. म्हणून अठरा वर्षे हात लावायचा नाही असाच पैसा येथे घालावा आणि पंचावन्नाव्या वर्षापासून तो हळूहळू सुरक्षित ठेवींकडे वळवावा. एसआयपी, म्हणजे फंडात दरमहा ठरावीक हप्ता, करायची तर ती पावसाळ्यातही झेपेल एवढीच, महिना दीड हजारांची, करावी. खात्यात पैसे नसताना हप्ता परतला की बँक दंड लावते. बाकी रक्कम हंगामात, पैसे येतील तसे एकेक करून भरता येते.

राष्ट्रीय पेन्शन योजना, म्हणजे एनपीएस, १ मे २००९ पासून सर्व नागरिकांना खुली आहे आणि वर्षाला किमान १,००० रुपये भरूनही चालू राहते. साठीपर्यंत पैसे सहजासहजी काढता येत नाहीत, हा तिचा गुण आहे. बाहेर पडताना रकमेचा काही हिस्सा वर्षासनात, म्हणजे ठरावीक पेन्शन देणाऱ्या योजनेत, घालावाच लागतो आणि वर्षासनाची रक्कम बहुधा आयुष्यभर तेवढीच राहते, ही तिची मर्यादा. ज्याचा हात सुटा आहे त्याला मी एनपीएस सुचवते. आरडी मोडल्याचे तुमचे कारण वादळ होते, चैन नव्हती, म्हणून तुम्हाला ती दुय्यम आहे.

अटल पेन्शन योजनेत तुम्हाला प्रवेश नाही, कारण तिची वयोमर्यादा ४० आहे. तुमच्या पत्नी मात्र ३८ वर्षांच्या आहेत आणि त्या प्राप्तिकर भरत नसतील तर त्यांना हे दार अजून दोन वर्षे उघडे आहे. या वयात साठीनंतरच्या ५,००० रुपये पेन्शनसाठी महिना सुमारे १,२०० रुपये भरावे लागतात, आणि हा हप्ता तिमाही किंवा सहामाहीही भरता येतो. त्यांच्यामागे पतीला तीच पेन्शन मिळते. बावीस वर्षांनी त्या ५,००० रुपयांची किंमत आजच्या सुमारे १,४०० रुपयांएवढीच उरेल, हेही सांगितले पाहिजे. तरीही गॅस सिलिंडर आणि विजेच्या बिलाची सोय त्यांच्या स्वतःच्या नावावर होते, म्हणून मसाल्याच्या पैशांतून ही योजना घ्यावी.

विमा प्रतिनिधींच्या योजनेचा हिशेब मी करून पाहिला. दहा वर्षे पन्नास हजार म्हणजे पाच लाख, विसाव्या वर्षी दहा लाख. ऐकायला दुप्पट, पण पैसे किती काळ अडकले हे धरले तर परतावा वर्षाला साडेचार टक्केच पडतो. तेच दहा हप्ते पीपीएफमध्ये भरून विसाव्या वर्षापर्यंत ठेवले, तर आजच्या दराने १४ लाख ७५ हजारांच्या आसपास होतात. पावणेपाच लाखांचा हा फरक "हमखास" या एका शब्दाची किंमत आहे, आणि पीपीएफला तर खुद्द केंद्र सरकारची हमी आहे. कर वाचतो म्हणून घ्या, असेही तुम्हाला सांगितले जाईल. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, तेव्हा तुमचा वाचण्याजोगा करच नाही. विवरणपत्र मात्र दरवर्षी भरत जावे, उद्या कर्जाला किंवा मुलीच्या शैक्षणिक कर्जाला तेच उपयोगी पडते.

विमा नको असे याचा अर्थ नाही. मुले मिळवती होईपर्यंत तुमच्या पश्चात घर चालावे यासाठी साधा मुदतीचा विमा घ्यावा, ज्यात पैसे परत मिळत नाहीत आणि म्हणूनच हप्ता कमी असतो. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून मिळणारा पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा २ लाखांचा अपघात विमा आजच सुरू करावा. तुमचे काम चालत्या इंजिनाजवळचे आहे. आरोग्य विमा मात्र कंबरेच्या दुखण्यावर उपचाराची फाइल वाढण्याआधी घ्यावा आणि अर्जात ते दुखणे लपवू नये, कारण लपवलेल्या आजाराच्या नावाखाली पुढे दावे नाकारले जातात. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील जीएसटी उठला आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत नाव असले तरी ती ठरावीक रुग्णालयांत आणि ठरावीक उपचारांसाठीच चालते. दापोलीहून रुग्णाला रत्नागिरी किंवा मुंबईला हलवावे लागते तेव्हा काय खर्च येतो, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. एका मोठ्या आजारपणात दहा वर्षांची बचत जाते, आणि अशी घरे मी पाहिली आहेत.

पतसंस्थेतील साडेतीन लाखांबद्दल थोडे सविस्तर. बँकेतील ठेवींना, मग ती सहकारी बँक असली तरी, दर ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. पतसंस्थेतील ठेवींना हे संरक्षण नाही. आपल्याकडच्या अनेक पतसंस्था चोख चालल्या आहेत आणि अडीअडचणीला त्यांनीच माणसे उभी केली आहेत, हे मान्य करूनही म्हणेन की म्हातारपणाचा पैसा एक-दोन टक्के जास्त व्याजासाठी तेथे ठेवू नये. ठेवीची मुदत संपेपर्यंत थांबावे, मोडून व्याज बुडवू नये. नंतर दीड लाख रुपये राष्ट्रीयीकृत बँकेत ठेव म्हणून ठेवावेत. ही वादळाची गंगाजळी. पुन्हा पत्रे उडाले, हंगाम वाया गेला किंवा महिनाभर अंथरुणावर राहावे लागले, तर याच रकमेला हात लावायचा, म्हणजे २०२० सारखी बचत मोडावी लागणार नाही. उरलेले दोन लाख, दीड लाखांची वार्षिक मर्यादा सांभाळून, तीन आर्थिक वर्षांत विभागून पीपीएफमध्ये घालावेत.

आता कलमे. कोकणात "बाग आहे ना" या तीन शब्दांवर अनेकांनी आपले म्हातारपण सोडले आहे, म्हणून मला येथे थांबावेसे वाटते. तुम्ही २२ कलमे लिहिलीत, पण सातबाऱ्यावर नावे किती, ते लिहिले नाही. ती सामाईक असावीत, असा माझा तर्क आहे. मुंबईतले चुलते, त्यांची मुले, लग्न होऊन गेलेल्या आत्या यांची नावे असलेल्या जमिनीवर सहजासहजी कर्ज मिळत नाही, ती सहजासहजी विकताही येत नाही आणि आंबा लागला की वाटेकरी आठवतात, फवारणीच्या खर्चाला मात्र कोणी येत नाही. हापूस एक वर्षाआड भरघोस धरतो, त्यातही मोहोरावर अवकाळी पाऊस पडला तर हाती येते तेही जाते. बागेला तुमच्या पेन्शनमध्ये धरू नये, वरकमाई समजावी. पण वाटणीचा प्रश्न आताच, मोठी माणसे हयात आहेत तोवर सोडवून घ्यावा. सर्वांची संमती असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ८५ नुसार तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. गणपतीला सगळे चाकरमानी घरी येतात, तेव्हा आरतीनंतर हा विषय काढावा. संमतीच्या सह्या मिळण्याचा तो सर्वांत चांगला आठवडा असतो, असा माझा अनुभव आहे. पिढी बदलली की नावे दुपटीने वाढतात आणि मग हे काम तुमच्या मुलांच्याही हातून होत नाही.

तुमच्याकडे आणखी एक पुंजी आहे आणि पत्रात तुम्ही ती मोजलेली नाही. एकोणीस वर्षांत इंजिनाच्या आवाजावरून बिघाड ओळखण्याचे जे ज्ञान तुम्ही मिळवले, ते गिअरबॉक्स उचलण्याच्या ताकदीहून जास्त काळ टिकणारे आहे. पन्नाशीच्या आत शेडमध्ये चेन पुली बसवावी, एका होतकरू मुलाला हाताखाली तयार करावे आणि त्याला पुढे हिश्श्याने घेण्याची तयारी ठेवावी. सुट्या भागांचे लहानसे दुकान पत्नीच्या मदतीने जोडता आले, तर साठीनंतरची पाच-सात वर्षे बसून मिळकत होऊ शकेल. मी वर धरलेला निम्मा खर्च याच मार्गाने निघायचा आहे. मुलगाच हे पुढे चालवेल, असे धरून मात्र बसू नये. तो सातवीत आहे, त्याचा रस्ता त्याला ठरवू द्यावा.

साठीनंतर जमलेल्या पैशांचे काय करायचे, हे आज ठरवण्याची गरज नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्या ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते आणि दर तिमाहीला व्याज हातात मिळते, एवढे तूर्त माहीत असावे.

तुमच्या पत्रावरून दिसते की नारळी पौर्णिमेनंतर वसुली सुरू होईल. त्याआधी दापोलीच्या किंवा गावच्या पोस्टात जाऊन पीपीएफचे खाते उघडावे. आधार, पॅन आणि छायाचित्रे लागतात. पहिला भरणा ५०० रुपयांचा असला तरी चालतो. त्याच दिवशी वारस म्हणून पत्नीचे नाव लावावे, आणि पासबुक, ठेवीची पावती, विम्याचे कागद, उधारीची वही हे सारे कोणत्या पेटीत आहे, ते त्यांना उघडून दाखवावे.